कारच्या गेममधला उडणारा माणूस कुणी पाहिलाय का? (व्हिडिओ गेमवाले, या!)

शेवंता७
मंडळी, एका पैजेचा निकाल लावायचाय, मदत करा.

९६-९७च्या सुमारास आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. त्यातला रोड फायटर आठवतोय का कुणाला? वरून दिसणारा रस्ता, आपली लाल गाडी आणि सतत कमी होत जाणारं पेट्रोल. काही गाड्या गुपचूप सरळ जायच्या, काही मुद्दाम आडव्या यायच्या. ट्रकला नुसतं टेकलं तरी आपला भुगा. फक्त ती रंगीबेरंगी गाडी दिसली की तिच्या अंगावर जायचं, कारण तिला धडकलं की पेट्रोल मिळायचं. इथपर्यंत दादाचं आणि माझं एकमत आहे.

वाद पुढे आहे. त्या गेममध्ये रस्त्याच्या कडेने एक माणूस उडत गेलेला मी पाहिलाय. चक्क माणूस. दादा म्हणतो, तू तेव्हा बालवाडीत होतीस, टीव्हीवरच्या मालिका आणि गेम यांची खिचडी केलीस. पैज मिसळीची आहे. कृपया गुगल करून सांगू नका, मला साक्षीदार हवेत. आणि आलाच आहात तर आपापला आवडता गेम सांगितल्याशिवाय जाऊ नका.

टिकलू
आधी रुमाल टाकून ठेवतो. ऑफिस सुटलं की लिहितो.

अर्धा_पाव
उडणारा माणूस नाही पाहिला ब्वा. पण '९९९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट पाहिलीय आणि तिच्यावर विश्वासही ठेवलाय. यादी खाली खाली सरकवत बसायचो, संपायचीच नाही. आत असायचे मोजके गेम, नावं बदलून बदलून. कॉन्ट्रा हा गोळीबाराचा गेमच चार वेगवेगळ्या नावांनी. एकात तीस लाईफ, एकात पहिल्यापासून चांगली बंदूक, एकात थेट पुढच्या स्टेजपासून सुरुवात. आईला सांगितलं होतं की ही एक घेतली की आयुष्यात दुसरी कॅसेट मागणार नाही.

कडीपत्ता
@शेवंता, दादा लोकांवर विश्वास ठेवू नये हे माझं जुनं मत आहे.

आमच्याकडे बदकांचा गेम होता, डक हंट. बंदूक कायम दादाकडे. 'तुला जड जाईल' हे कारण. बंदूक प्लास्टिकची होती हो! मी आपली गेमचा रिमोट घेऊन नुसती बसायचे. एकदा चाळा म्हणून रिमोटची बटणं दाबत होते, तर बदक भलतीकडेच वळलं. परत दाबलं, परत वळलं. एक बदकवाल्या डावात रिमोटने बदक उडवता येतं हे मला त्या दिवशी कळलं आणि मी कुणालाही सांगितलं नाही. दादा नेम धरणार, मी बदक डावीकडे नेणार. मग ते कुत्रं गवतातून वर येऊन खी खी हसणार. दादाने बंदूक उघडून बघितली, टीव्हीच्या अगदी काचेला लावून बघितली, दुकानात नेऊन दाखवली. दुकानदाराने 'नवीन घ्या' सांगितलं.

दादाला हे अजून माहीत नाही. तो या संस्थळावर नसावा अशी आशा आहे.

बेडूकउडी
@कडीपत्ता, __/\__

बंदुकीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आपल्याला वाटायचं की बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीवर आपटतं. प्रत्यक्षात बंदुकीतून काहीच निघत नाही, उलट ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला आधी काळोख आणि मग उजेड दिसला की नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागोमाग एक उमटतात, त्यामुळे कुठलं लागलं तेही कळतं. म्हणूनच गोळी झाडल्यावर पडदा लुकलुकायचा.

हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं आहे. हल्लीच्या सपाट टीव्हीवर तीच बंदूक लावली तर एकही बदक पडत नाही, कारण चित्र उमटायला किंचित उशीर होतो. माळ्यावरची बंदूक काढून पोरांना दाखवायला जाणाऱ्यांनी आधीच सावध व्हावं.

अर्धा_पाव
म्हणजे बल्बसमोर बंदूक धरली की सगळी बदकं पडायची हे आमच्या गल्लीतलं संशोधन खरं होतं?

बेडूकउडी
ते चालू नये म्हणूनच आधी पडदा काळा करतात. बल्ब काळ्या क्षणीही चालूच असतो, त्यामुळे पकडला जातो. पण आपल्याकडच्या नकली यंत्रांत काय काय चालायचं त्याचा भरवसा नाही, तेव्हा तुमच्या गल्लीचं संशोधन मी खोडत नाही.

तिरसट
आता सगळे मिळून गळे काढणार. खरं सांगू का, ते गेम आज उघडले तर पाच मिनिटं खेळवत नाहीत. ठोकळ्यांची चित्रं, तीच तीच टिंग टिंग, आणि यंत्र सगळी नक्कल. मूळ जपानी कंपनीचं यंत्र आपल्यापैकी किती जणांकडे होतं? मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर, हीच नावं. मारिओमधले ढग आणि झुडपं तर एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. लहानपण आवडतं म्हणून गेम आवडतात. दिवे घ्या, म्हणजे हलकंच घ्या.

बेडूकउडी
ढग-झुडपाचं बरोबर आहे, पण ते आळसापोटी केलेलं नाही. १९८५चा तो अख्खा सुपर मारिओ ४० किलोबाइटचा आहे. ३२ मध्ये सगळी करामत, ८ मध्ये सगळी चित्रं. तुमच्या काकांचा 'शुभ सकाळ'चा गुलाबही त्याहून मोठा असतो. त्यात ३२ लेव्हल, पाणी, किल्ले, गुप्त नळ आणि ते संगीत बसवायचं तर ढगालाच हिरवा रंग लावून खाली बसवावं लागतं.

कडीपत्ता
@तिरसट, तुम्हाला खेळताना कुणीतरी सतत दुसरा नंबर देत होतं का? मनात ठेवू नका, बोलून टाका.

सोलकढी
मी तुमच्याहून थोडी आधीची. म्हापशाला आमच्या घरी टीव्ही-गेम आला नाही, पण कुवेतला असलेल्या मामाने ८०च्या दशकात हातातला गेम आणला होता. गेम अँड वॉच. पुस्तकासारखा उघडणारा, दोन पडद्यांचा, डाँकी काँग. वर माकड पिंपं फेकतंय, खाली आपण उड्या मारतोय, आणि कोपऱ्यात घड्याळ. गजरसुद्धा लागायचा. 'घड्याळ आहे, उपयोगी वस्तू आहे' असं सांगूनच मामाने तो आजोबांच्या नजरेखालून आत आणला.

त्याची गोष्टही छान आहे. निन्टेन्डो या जपानी कंपनीचे गुनपेई योकोई आगगाडीतून जात असताना समोरचा एक नोकरदार कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता. ते बघून त्यांना खिशातल्या गेमची कल्पना सुचली म्हणतात. कॅल्क्युलेटरसारखाच पडदा, तशाच बटण-बॅटऱ्या. आमच्याकडच्या बॅटऱ्या संपल्या की मामा पुढच्या सुट्टीत येईपर्यंत गेम कपाटात. गावात मिळायच्या नाहीत.

तिसरा_मजला
टीव्ही-गेम वगैरे श्रीमंतांचे लाड. आम्ही लालबागवाले, व्हिडिओ गेम पार्लरचे. एक रुपया, एक कॉइन.

आणि पार्लर म्हटलं की मुस्तफा! कॅपकॉमचा, नाव खरं तर कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, पण ते नाव घेऊन कुणी कॉइन मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. चार जणांतून एक निवडायचा: जॅक, हाना, मुस्तफा, मेस. मेस म्हणजे अंगापिंडाने दणकट, मुस्तफा चपळ. पळत येऊन लाथ घालायचा ती लाथ अजून डोळ्यांपुढे आहे. दोन्ही बटणं एकदम दाबली की आजूबाजूचे सगळे उडायचे, पण आपली ताकदही थोडी जायची. नवशिके तेच दाबत सुटायचे आणि मागून पोरं ओरडायची, 'अरे डबल नको मारू, मरशील!' तिसऱ्या स्टेजला ती गाडी मिळायची. गाडीखाली माणसं चिरडत जाताना जो खेळतोय त्याच्यापेक्षा मागे उभ्या असलेल्यांचाच आवाज जास्त.

मागे उभं राहण्याचंही एक शास्त्र होतं. पैसे नसलेली पोरं मशीनच्या दोन्ही बाजूंना टेकून उभी. त्यांना सगळं माहीत: कुठल्या पिंपात जेवण आहे, कुठल्या पिंपात बंदूक. कुणी घरून बोलावणं आलं म्हणून अर्ध्यात सोडून पळालं की उरलेला डाव त्यांचा. माझी अर्धी करिअर अशा सोडलेल्या डावांवर झाली. आई लोक लाटणं घेऊन यायच्या त्याची आम्ही वाट बघायचो, फक्त दुसऱ्यांच्या आईची.

रहाटगाडगं
दुसऱ्यांच्या आईची वाट =)) =))

टिकलू
आलो एकदाचा. माझा कॉन्ट्रा.

धाकटा भाऊ आणि मी. तिसऱ्या स्टेजचा धबधबा आठवा. वर वर चढायचं असतं, आणि जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. खालचा मागे राहिला की पडद्याच्या खालच्या कडेने तो मरतो. भाऊ हळू. मी घाईत. त्याचे तीनही लाईफ तिथेच जायचे. आणि मग तो माझे वापरायचा, कारण एकाचे संपले की दुसऱ्याचे घेता येतात. म्हणजे मी त्याला मारायचो आणि बिल मलाच यायचं. यावरून आमच्याकडे रिमोटच्या वायरने एकमेकांना बांधण्यापर्यंत मजल गेली होती.

तीस लाईफची युक्ती, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी ए, ही आम्हाला एका मावसभावाने सांगितली, तीही एक कॅडबरी घेऊन. नंतर वाचलं की ती कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ८६ साली ग्रेडियस नावाच्या गेमची चाचणी घेताना स्वतःच्या सोयीसाठी घातली होती. त्यांना स्वतःलाच तो गेम फार अवघड जायचा. काढायची राहून गेली आणि मग कंपनीने पुढच्या गेममध्येही ठेवली. कॅडबरीचे पैसे त्यांना मिळायला हवे होते.

उंबरठा
यवतमाळ जिल्ह्यातला आहे मी. आमच्या गेमचा खरा व्हिलन तो काटेवाला कासव नव्हता भाऊ, भारनियमन होतं.

मारिओत सेव्ह नाही. लाईट गेली की पहिल्यापासून. आणि लाईट वेळापत्रकाने जायची, म्हणजे किती वेळ आहे ते आधीच माहीत. आठ वर्ल्ड सरळ खेळत बसलं तर होत नाही. मग मोठ्या काकाच्या पोराने रस्ता शोधला. दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे १-२ला (पहिल्या वर्ल्डची दुसरी लेव्हल), छताच्या वर चढून सरळ चालत जायचं, शेवटी तीन नळ लागतात. त्यातल्या ४ आकडा लिहिलेल्या नळात शिरायचं. मग ४-२मध्ये एका लपलेल्या विटेतून वेल निघते, तिच्यावरून वर. तिथून थेट आठवं वर्ल्ड. घड्याळ बघत बघत आठव्यापर्यंत वेळेत पोचायचो आम्ही. पण ८-३मध्ये ते हातोडेवाले दोघे उभे. त्यांच्यासमोर सगळे लाईफ जायचे, नाहीतर लाईट जायची. दोन्ही एकदम झालं तर काहून खेळलो असं व्हायचं.

लाईट गेल्यावर गेमचा ॲडॅप्टर गरम लागायचा, त्यावर हात शेकत बसायचो थंडीत. तेवढाच फायदा.

अर्धा_पाव
३-१च्या पायऱ्यांवर कासवाला टप्पे मारून लाईफ वाढवत नव्हता का?

उंबरठा
वाढवायचो ना. पण त्याचीही भानगड आहे. दहाच्या पुढे आकड्याच्या जागी मुकुट येतो, मग भलतीच चिन्हं यायला लागतात. हावरटपणा करून १२७च्या पुढे गेलं आणि एकदा मेलं की सरळ गेम ओव्हर. काकाच्या पोराने करून दाखवलं होतं. सगळी आळी जमली होती लाईफ बघायला, आणि तो एका खड्ड्यात पडला.

दुपारचा_चहा
शाळेतल्या संगणक कक्षाची आठवण कुणीच काढली नाही? चपला बाहेर, एका यंत्रापुढे तीन मुली, आणि बाई बाहेर गेल्या की प्रिन्स ऑफ पर्शिया.

साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. तास पस्तीस मिनिटांचा, त्यात बाई मधेच परत येणार. पण मला जिंकण्यापेक्षा तो आरशाचा प्रसंग आवडायचा. चौथ्या लेव्हलला एक आरसा आडवा येतो, त्यातून पळत उडी मारून पार व्हायचं. पलीकडे आपण पोचतो आणि आपली सावली आरशातून उलट्या दिशेने निघून जाते. पुढे तीच सावली आपल्या आधी औषधाची बाटली पिते, आपल्या तोंडावर दार पाडते. आणि बाराव्या लेव्हलला तलवार घेऊन समोर उभी. तिला मारलं की आपणच मरतो! आम्ही कितीतरी वेळा मेलो. मग शेजारच्या तुकडीतल्या एकीने सांगितलं, तलवार म्यान कर आणि सरळ चालत जा तिच्याकडे. दोघं एक होतात. अंगावर काटा आला होता.

जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने तो बनवला, १९८९चा. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून तो राजपुत्र कड्याला लटकताना खरा वाटतो. मारिओवाल्यांनी दिवे घ्यावेत.

तिरसट
हा मात्र चांगला गेम होता. उंदीर विसरलात. आठव्या लेव्हलला बंद दारामागे अडकल्यावर राजकन्येचा उंदीर येऊन दार उघडतो.

कडीपत्ता
तिरसटरावांना उंदीर आवडला. नोंद घ्यावी.

रहाटगाडगं
तुमच्या पुढची पिढी हजर. आमच्या कोल्हापुरात सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, आत आयजीआय. नाद खुळा गेम! मिशनमध्ये सेव्ह नाही. सगळा तळ साफ करायचा, कॅमेरे बंद करायचे, शेवटच्या शिडीवर चढताना कुठनंतरी एक गोळी यायची आणि पहिल्यापास्नं. लाईट नाही गेली तरी उंबरठाभाऊंचंच दुःख. तो सन २०००चा नॉर्वेच्या कंपनीचा गेम, पण भारतात ज्याला त्याला पाठ. कॅफेवाले दादा मिनिट बघून बरोबर शेवटच्या टप्प्यालाच मॉनिटर बंद करायचे. आवडता मात्र क्रिकेट ०७. पोरांनी त्यात नवीन टीम, नवीन जर्सी घालून घालून कितीतरी वर्षं जिवंत ठेवला.

बेडूकउडी
अवांतर: कॅसेटला फुंकर मारल्याने ती चालायची का, यावर मत मांडून ठेवतो. नाही. बाहेर काढून परत बसवल्यामुळे तिचे साठ दात नीट टेकायचे, म्हणून चालायची. फुंकरीतल्या ओलाव्याने उलट ते गंजायचे. निन्टेन्डोनेही फुंकू नका असंच सांगितलं होतं.

अर्धा_पाव
अमान्य. आमचा शेजारचा बाळ्या फुंकला की लागायची, मी फुंकलो की नाही लागायची. याचं उत्तर द्या.

टिकलू
अनुमोदन. मोदक घ्या.

झिपऱ्या
सगळे प्रतिसाद वाचून काढले आणि मूळ प्रश्नाला कुणी हातच लावलेला नाही हे बघून लॉगिन केलं.

शेवंताताई, माणूस आहे. मी पाहिलाय. तो कोनामी मॅन. रोड फायटर कोनामीचा, त्यांनी आपलाच हा छोटा सुपरहिरो त्यात लपवून ठेवलाय. बराच वेळ कुठेही न धडकता गाडी नेली की तो रस्त्याच्या कडेने उडत जातो, मधेच गाडी फुटली की येत नाही. मला तो क्वचित दिसायचा आणि दिसला की त्याच्याकडे बघण्याच्या नादात पुढच्या ट्रकवर जायचो. म्हणून बहुतेकांनी पाहिलेला नसतो. तुमच्या दादाने पाहिला नाही याचा अर्थ तुम्ही काढा, मी कशाला बोलू.

शेवंता७
झिपऱ्या!!! कुठे होतात इतका वेळ! दादाला धाग्याची लिंक पाठवली आहे. 'बघतो' असं उत्तर आलंय.

कडीपत्ता
म्हणजे बालवाडीतली बहीण दादापेक्षा चांगली गाडी चालवायची, असं रेकॉर्डवर आलं. मिसळीला मीही येते.

शेवंताचा_दादा
नवीन सदस्य आहे, सांभाळून घ्या. दोन मुद्दे. एक, हिने 'सुपरमॅन' म्हटलं होतं, कोनामी मॅन नाही. दोन, साक्षीदार एकच आहे आणि त्याचं नाव झिपऱ्या आहे.

तिरसट
आडनावही विचारा.

सोलकढी
दादा, ती 'माणूस' म्हणाली आहे, पहिल्या पोस्टीत बघा. पैसे काढा.

शेवंताचा_दादा
गेम माळ्यावर आहे. काढून खेळून बघेन, दिसला तर मिसळ. जाणकारांनी सांगा, नवीन टीव्हीला तो जोडायचा कसा? मागे फक्त ती अँटेनाची वायर आहे.

बेडूकउडी
यंत्राला पिवळं नि पांढरं भोक आहे का ते आधी बघा, बऱ्याच मॉडेलना असतं. असेल तर साधी एव्ही केबल चालेल, टीव्हीला ते इनपुट असलं म्हणजे झालं. नसेल तर अँटेनाची वायर टीव्हीच्या केबलच्या जागी लावा, गेम चालू ठेवा आणि ॲनालॉग चॅनल शोधायला लावा. काही टीव्ही पकडतात, काही नाही. ॲडॅप्टर मात्र जुना वापरू नका, नवीन घ्या आणि यंत्राच्या मागे लिहिलेले व्होल्ट बघूनच घ्या. प्लस-मायनसची दिशाही तपासा, उलट लागली तर यंत्र जळेल.

शेवंता७
आणि खेळताना मला बोलव. ट्रक आले की तू डोळे मिटतोस.